पासवर्ड कुणाकडे? पुरातल्या एका सरकारी पेजचं प्रकरण

हे प्रकरण सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. यातलं कार्यालय, साहेब, कंत्राटी मुलगा आणि काकू कल्पित आहेत. शहर, नदी, कायदे आणि न्यायालयांचे निकाल खरे आहेत.

काय घडलं

वडोदऱ्यात पावसाचा जोर वाढला, की माणसं आधी विश्वामित्रीची पातळी विचारतात. आजवा सरोवर किती भरलं, पाणी सोडलं का, काळाघोडा पुलाशी किती फूट झालं. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला आणि वस्तीतल्या रस्त्यांवर मगरी आल्या. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि काठच्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले. अशा रात्री वीज गेलेली असते, टीव्ही बंद असतो आणि हातात उरतो तो मोबाइल. सरकारी पेजवर काय लिहिलंय यावर माणसं वर चढायचं की थांबायचं ते ठरवतात. सरकारी कार्यालयांनी सोशल मीडियावर असावं की नाही, हा वाद म्हणूनच मला कधीच पटला नाही. असायलाच हवं. प्रश्न आहे तो तिथे वागायचं कसं, याचा.

आपल्या प्रकरणातल्या कार्यालयाकडे मदतकार्याची जबाबदारी आहे. फेसबुक पेज, एक्स हँडल आणि इन्स्टाग्राम खातं ही तिन्ही एका एजन्सीला दिलेली. एजन्सीनं बसवलेला एक मराठी मुलगा कोपऱ्यातल्या टेबलावरून सगळं सांभाळतो. पुराच्या पहिल्या रात्री त्यानं उत्तम काम केलं. दर तासाला पातळी, कुठला पूल बंद, कुठल्या शाळेत राहायची सोय. पेजच्या माथ्यावर सूचना लावली: ‘बोट, औषध किंवा पिण्याचं पाणी हवं असल्यास पेजवर मेसेज करा.’ लोकांनी मेसेज केले आणि बोटी गेल्याही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्ट आली, ‘समा भागात सर्वत्र फूड पॅकेट आणि पाणी पोचलं आहे.’ सोबत बोटीतून पाकिटं वाटणाऱ्या जवानांचा फोटो.

समा भागातल्याच एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे मधुमेही यजमान अडकले होते. मूळचं घर दांडिया बाजारातलं; वाडा विकून इकडे राहायला आलेले. काकूंनी पोस्टखाली गुजरातीत लिहिलं, की आमच्याकडे कालपासून कोणी फिरकलेलं नाही, हा फोटो कुठला आणि कधीचा ते सांगा, लोकांना खोटं सांगू नका. सोबत गॅलरीतून काढलेला फोटो जोडला: गढूळ पाणी, त्यात गाड्यांचे फक्त टप, आणि जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढलेली चिखलाची रेघ. बघता बघता आजूबाजूच्या सोसायट्यांतले लोक त्याखाली लिहू लागले, आमच्याकडेही नाही, आमच्याकडेही नाही.

साहेबांचा फोन आला.

“ती कमेंट काढ.”

“साहेब, हाइड करू की डिलीट?”

“काय करायचं ते कर, दिसता कामा नये. आणि त्या बाईंना परत लिहिता येऊ नये.”

मुलानं कमेंट डिलीट केली आणि काकूंना ब्लॉक केलं. संध्याकाळी इन्सुलिन संपत आलं, तेव्हा काकू पेजवर मेसेज करायला गेल्या, तर मेसेज जाईना. ब्लॉक झालेल्या माणसाला पेजला मेसेजही करता येत नाही, हे साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि मुलालाही सुचलं नव्हतं. शेवटी दांडिया बाजारातल्या पुतण्यानं स्वतःच्या खात्यावरून मेसेज केला, तेव्हा रात्री बोट आली.

तिसऱ्या दिवशी काकूंच्या कमेंटचा स्क्रीनशॉट पेजवर आला. नाव आणि फोटो स्पष्ट दिसत होता, वर लाल अक्षरांत ‘फेक’ असा शिक्का, खाली ‘आपत्तीच्या काळात अफवा पसरवणाऱ्यांवर कडक कारवाई होईल’ अशी तंबी. पाणी ओसरल्यावर याच पेजवर कॅशडोल, म्हणजे पूरग्रस्तांना सरकार देतं ती रोख मदत, मिळालेल्यांची यादी टाकली गेली. एक्सेल शीटचाच फोटो. नाव, पत्ता, मोबाइल, बँक खातं आणि आधार क्रमांक, सगळे रकाने जसेच्या तसे. कोणीतरी ओरडल्यावर ती काढली, पण तोवर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून फिरू लागली होती. बचावकार्याची एक रीलही होती, मागे हिंदी चित्रपटातलं गाणं लावलेलं.

रस्ते मोकळे झाल्यावर काकू फाइल घेऊन कार्यालयात आल्या.

“काकू, मला वरून सांगितलं होतं,” मुलगा म्हणाला.

“कोणी सांगितलं आणि कशात, तेवढं लिहून दे बाळा.”

लिहून देण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं. एक फोन कॉल, बस.

अर्ज आणि त्यातून निघालेलं

काकूंनी माहिती अधिकारात अर्ज केला. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. वडोदऱ्यात मराठीत अर्ज केला तर तो अडवायला जागा मिळते. त्यांनी तो गुजरातीत केला. मला ब्लॉक करण्याचा आदेश कोणी दिला, कोणत्या नियमाखाली, त्या आदेशाची प्रत, काढलेल्या कमेंटची प्रत आणि पेजचे अ‍ॅडमिन कोण कोण, एवढंच विचारलं. उत्तराची मुदत ३० दिवस.

उत्तर शोधायला कार्यालयानं पहिल्यांदाच पेजच्या सेटिंगमध्ये नीट डोकावून पाहिलं. पेज कधीकाळी एका अधिकाऱ्याच्या खाजगी खात्यावरून उघडलं गेलं होतं. त्यांची बदली होऊन काळ लोटला, पण अ‍ॅडमिन तेच. दुसरं नाव एजन्सीच्या मालकाचं. तिसरं एजन्सी सोडून गेलेल्या एका मुलीचं. चौथा हा मुलगा. कार्यालयात सध्या कामावर असलेल्या एकाही अधिकाऱ्याचं नाव यादीत नव्हतं. लॉगिनचा ओटीपी बदली होऊन गेलेल्या साहेबांच्या फोनवर जायचा. रात्री-बेरात्री त्यांना फोन करून तो मागायची पद्धत पडली होती. उद्या ते पेज कोणी बळकावून ‘धरण फुटलं’ असं लिहिलं असतं, तर परत मिळवायला कार्यालयाजवळ कागद नव्हता.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागानं २०१२मध्येच सरकारी संस्थांच्या सोशल मीडिया वापरासाठी मार्गदर्शक चौकट काढली. खातं कोणाच्या नावानं उघडायचं, पासवर्ड कोणाकडे, उत्तर कोणी द्यायचं, नोंदी कशा ठेवायच्या, हे सगळं त्यात आहे. कार्यालयांत हे पुस्तक कपाटात असतं आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर.

या प्रकरणाचं मूळ मला इथेच दिसतं. साहेबांना वाटलं आपण एक कमेंट काढायला सांगितली. मुलाला वाटलं आपण एक बटण दाबलं. प्रत्यक्षात सरकारनं एका नागरिकाचं म्हणणं पुसलं आणि तिला मदत मागण्याच्या दारातून बाहेर काढलं. हेच काम कागदावर करायचं असतं तर टिपणी लागली असती, कारण लिहावं लागलं असतं, सही झाली असती, जावक क्रमांक पडला असता.

कमेंट आणि ब्लॉक

इथे सर्वात जवळचा निकाल बेंगळुरूचा आहे. २०१३मध्ये तिथल्या एका जोडप्यानं ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर एका निरीक्षकाच्या वागणुकीबद्दल तक्रार लिहिली. त्यांच्यावर थेट गुन्हा दाखल झाला, सरकारी नोकरावर बळाचा वापर आणि धमकी या कलमांखाली. २० जानेवारी २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. पोलिसांनी काढलेलं ते पेज लोकांनी गाऱ्हाणी मांडण्यासाठीच आहे, तिथे गाऱ्हाणं मांडणं हा गुन्हा कसा, असा त्या निकालाचा रोख. माझ्या मते प्रत्येक सरकारी पेजच्या अ‍ॅडमिननं हा निकाल पेज हाती घेण्याआधी वाचायला हवा. तो छोटाच आहे.

दुसरा आधार १० जानेवारी २०२०चा, अनुराधा भसीन खटल्याचा. इंटरनेटवरून मत मांडण्यालाही घटनेच्या कलम १९(१)(अ)चं संरक्षण आहे, बंधन घालायचं तर ते प्रमाणात असलं पाहिजे आणि आदेश प्रसिद्ध केला पाहिजे. खटला काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीचा होता, एका बाईंच्या ब्लॉकचा नाही, हे मान्य. पण ‘आदेश कुठे आहे?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू होतो, आणि आपल्या कार्यालयाजवळ त्याचं उत्तर नव्हतं. कलम १९(२)मध्ये बंधनाची कारणं मोजून दिली आहेत. प्रशासनाची अडचण होते, हे त्यात नाही.

साहेबांचा युक्तिवाद असा होता, की पेज काही सरकारी इमारत नाही, ते अमेरिकन कंपनीचं आहे आणि ब्लॉकचं बटण तिनंच दिलंय. बटण कंपनीनं दिलं हे खरं, पण दाबलं सरकारच्या वतीनं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२४ला मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या व्यवस्थापकाच्या फेसबुक पानाबद्दल दोन प्रश्नांची कसोटी घालून दिली: त्या माणसाला सरकारच्या वतीनं बोलायचा खरा अधिकार होता का, आणि पोस्ट करताना तो तोच अधिकार वापरत होता का. तो निकाल आपल्याला बांधत नाही, पण कसोटी उपयोगाची आहे. त्या पानावर कुटुंबाचे फोटो आणि शहराची कामं यांची सरमिसळ होती, म्हणून तिथे प्रश्न अवघड झाला. आपल्या प्रकरणात पेजवर कार्यालयाचं नाव आहे, बोधचिन्ह आहे आणि ‘मदतीसाठी मेसेज करा’ अशी सूचना आहे. इथे दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असंच येतं.

कमेंट काढता येतच नाही, असं मात्र नाही. शिवीगाळ, जातिवाचक अपमान, दुसऱ्याचा मोबाइल नंबर, जाहिरातबाजी, ‘या लिंकवर पैसे पाठवा’ असली फसवणूक, हे काढायलाच हवं. पुराच्या काळात खोट्या देणगीच्या लिंका सुळसुळतात. काकूंनी यातलं काहीच केलं नव्हतं. ‘खोटं सांगू नका’ हे कडक आहे, शिवी नाही. शिवाय त्यांनी फोटो जोडला होता. ती कमेंट म्हणजे कार्यालयाला फुकट मिळालेला पाहणी अहवाल होता, त्यावर बोट पाठवायची होती.

‘फेक’ म्हणण्याचा अधिकार

साहेबांना खरोखर वाटत होतं की अफवांचा कायदा आपल्या बाजूनं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५च्या कलम ५४ मध्ये आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. पण त्यासाठी इशारा खोटा असावा लागतो आणि त्यातून घबराट व्हावी लागते. ‘आमच्याकडे पाणी पोचलं नाही’ हा इशारा नव्हे, ती मागणी आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ३० एप्रिल २०२१ला, सर्वोच्च न्यायालयानं यावर स्पष्ट बजावलं होतं: ऑक्सिजन, खाटा यांसाठी लोक समाजमाध्यमांवर हाक मारत असतील तर ती चुकीची माहिती ठरवून त्यांची मुस्कटदाबी करू नका, केलीत तर अवमान समजू. पुरात अडकलेल्या माणसाची हाक याहून वेगळी नाही.

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ तर २४ मार्च २०१५लाच श्रेया सिंघल निकालानं संपलं. तरीही ते पोलिसांच्या कागदांत पुढची कित्येक वर्षं येत राहिलं, इतकं की २०२२मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.

कार्यालयानं बदनामीचा दावा लावायचाही विचार केला होता. १९९४च्या राजगोपाल निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती वाट बंद केली आहे. सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय सत्ता वापरणाऱ्या संस्थांना आपल्या बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. उलट काकूंचं नाव आणि फोटो ‘फेक’ शिक्क्याखाली छापल्यानं त्यांचीच बदनामी झाली, आणि तो दावा त्या लावू शकतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्या दोन दिवस ‘अफवावाल्या बाई’ झाल्या. वडोदऱ्यासारख्या शहरात निवृत्त बाईंचे विद्यार्थी घरोघरी असतात. त्या शिक्क्याचं दुःख कॅशडोलनं भरून येत नाही.

खुलासा करण्याचा सरकारला हक्क आहे, आणि तो भरपूर वापरावा. ‘समातल्या अमुक सोसायट्यांत अमुक वाजता पाकिटं दिली, बाकीच्या राहिल्या आहेत, बोट निघाली आहे’ असं लिहिलं असतं तर कोणाचं तोंड बंद करावं लागलं नसतं. खरं-खोटं ठरवणारा अंतिम न्यायाधीश मात्र सरकार होऊ शकत नाही. केंद्रानं माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३च्या दुरुस्तीनं स्वतःच्या कारभाराबद्दलचा मजकूर ‘फेक’ ठरवण्यासाठी फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली, ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४मध्ये रद्द ठरवली. केंद्राला जे जमलं नाही, ते कोपऱ्यातल्या टेबलावरच्या कंत्राटी मुलाकडून लाल शिक्क्यानं करवून घेतलं जात होतं.

मजकूर खरोखर बेकायदा असेल, तर कंपनीला तो काढायला सांगण्याची वेगळी वाट आहे, पण तीही कोणत्याही टेबलावरून चालत नाही. याच नियमांच्या नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशी सूचना साधारणपणे सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्यानं द्यायची, पोलिसांच्या बाबतीत उपमहानिरीक्षकाच्या खालच्यानं नाही, आणि कायद्याचा आधार व कारण लिहून.

यादी

यादीच्या बाबतीत कार्यालयाचा हेतू चांगला होता, हे आवर्जून सांगायला हवं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अनुदान योजनांचे लाभार्थी आणि रक्कम स्वतःहून प्रसिद्ध करण्याची अपेक्षा आहेच. कॅशडोलमध्ये कोणाचं नाव घुसलं, कोणाचं गळलं, हे लोकांना कळलं पाहिजे. पण त्यासाठी नाव, वॉर्ड आणि रक्कम पुरते. आधार कायदा २०१६चं कलम २९(४) सरळ सांगतं, आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायचा नाही. ही चूक जुनी आहे: २०१७मध्ये केंद्रानं संसदेत सांगितलं होतं, की सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक दिसत होते. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुट्टस्वामी निकालानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत सरकारी खातीही येतात, आणि डेटाची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बँक खातं आणि मोबाइल एकत्र बाहेर पडले, की पुढच्या आठवड्यात ‘कॅशडोलचा दुसरा हप्ता, ओटीपी सांगा’ असे फोन येऊ लागतात. पुरानं आधीच घर धुऊन नेलेल्या माणसाला असा फोन यावा, आणि त्याचा नंबर आपण दिलेला असावा, यापेक्षा वाईट काय?

रीलच्या गाण्याबद्दल एवढंच, की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली शासकीय समारंभाची सवलत प्रत्यक्ष समारंभापुरती आहे, बचावकार्याच्या रीलला ती मिळत नाही. नुसता पाण्याचा आणि बोटीचा आवाज ठेवावा.

दुरुस्ती

सल्ला घेतल्यावर कार्यालयानं त्याच दिवशी काकूंना अनब्लॉक केलं आणि ‘फेक’ची पोस्ट मागे घेऊन तिथेच खुलासा टाकला. लेखी दिलगिरीचं पत्र साहेब स्वतः घरी घेऊन गेले. मूळ कमेंट परत आणता आली नाही. हाइड केली असती तर आली असती. काकूंच्या पुतण्याकडे स्क्रीनशॉट होता, पण कोर्टात जायचं झालं तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालानं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडी ठसा, द्यावी लागते. मागे घेतलेल्या पोस्टची प्रत कार्यालयानं म्हणूनच जपून ठेवली. चूक झाकायला पुरावा पुसणं हा आणखी एक गुन्हा झाला असता.

पेज आता कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर आहे, दोन कायम अधिकारी अ‍ॅडमिन आहेत, मुलाला पोस्ट लिहिण्यापुरता प्रवेश आहे, ब्लॉक करण्याचा नाही. बदलीच्या पदभार यादीत किल्ल्या आणि शिक्क्यांच्या खाली पासवर्डची ओळ आली. कोणती कमेंट काढली जाईल, हे गुजराती आणि हिंदीत लिहून पेजच्या माथ्यावर लावलं आहे. काढायची झाली तर आधी हाइड, स्क्रीनशॉट, रजिस्टरमध्ये तारीख-वेळ, कारण, सांगणाऱ्याचं नाव आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची सही. ज्याची कमेंट काढली त्याला तसं कळवायचं आणि दाद कुठे मागायची तेही सांगायचं.

साहेबांनी एक हरकत घेतली: पुराच्या रात्री हे रजिस्टर कोण भरणार? हरकत रास्त आहे. त्यावर ठरलं ते असं: आपत्तीच्या दिवसांत फसवणुकीच्या लिंका आणि दुसऱ्यांचे नंबर सोडून काहीही काढायचं नाही, आणि ब्लॉक तर कोणालाच नाही. टीकेची कमेंट आली की ती नियंत्रण कक्षाच्या यादीत चढवायची, पत्त्यासह.

एजन्सीच्या करारात अजून एक गोष्ट राहिली आहे. पोस्ट, कमेंट आणि मेसेज यांची दरमहा प्रत काढून कार्यालयाच्या अभिलेख कक्षात द्यायची, हे कलम घालायचं आहे. एजन्सी त्याचे जादा पैसे मागते आहे, आणि लेखा शाखेनं विचारलं आहे की हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा.